कंबर विचारून लिहू नका : नाशिकमध्ये लठ्ठपणाचा अभ्यास करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहरात व जिल्ह्यात लठ्ठपणा, मधुमेह आणि हृदयविकाराच्या धोक्याचा अभ्यास करणारे सर्व संशोधक, त्यांची पाहणी पथके आणि या अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समित्यांचे सदस्य यांस

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या वसाहतीच्या फलकावर एक सूचना लागली. तीन वर्षांपूर्वी इथे लठ्ठपणा आणि चयापचयाच्या आरोग्याची जी पाहणी झाली, तिचा दुसरा टप्पा पुढच्या महिन्यात सुरू होणार असून रहिवाशांनी उपाशीपोटी समाजमंदिरात यावे, वेळ सकाळी दहा ते दुपारी एक, असे तिच्यात लिहिले आहे. शेजारीच अर्जाचा नमुना डकवलेला आहे. तो मी उभ्याउभ्या दोनदा वाचला. पहिल्या टप्प्याचाच अर्ज पुन्हा छापला आहे, फक्त वर्ष बदलले आहे. त्या अर्जाने माझे काय झाले हे ठाऊक असताना तो दुसऱ्यांदा मुकाट्याने भरून देणे मला जमणार नाही, म्हणून हे पत्र. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की ती एकाच संस्थेची चूक ठरते आणि बाकीचे सुटतात. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून मी जे ऐकतो, त्यावरून ही पद्धत एकट्या कुणाची नाही.

मी शिंपी आहे. सातपूरच्या कामगार वस्तीत तीस वर्षे माझे शिलाईचे दुकान आहे. शिक्षण बारावीपर्यंत. वैद्यकशास्त्रातले मला काही कळते असा माझा दावा नाही. जे थोडे कळले आहे ते आजार अंगावर आल्यानंतर वाचून आणि परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलीला विचारून कळले आहे. पण माणसाच्या कमरेचे माप कसे घेतात, याविषयी या शहरात दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला नक्की आहे.

पहिल्या टप्प्यात मी सहभागी झालो होतो. दोन तरुण स्वयंसेवक आले. वजनकाट्यावर उभे केले, भिंतीला टेकवून उंची घेतली, दंडातून रक्त काढले आणि हातात एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर माझा क्रमांक होता, ४१७. वजन ५८ किलो, उंची १६२ सेंटिमीटर, बीएमआय (वजन आणि उंची यांवरून काढलेला आकडा) २२.१ आणि त्यापुढे शिक्का, 'नॉर्मल'. रक्ताचा रिपोर्ट दोन आठवड्यांत घरपोच मिळेल असे सांगितले. ती चिठ्ठी मी दुकानातल्या देवाच्या फोटोमागे खोचून ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवलीही. रिपोर्ट आला नाही. 'नॉर्मल' माणसाच्या रिपोर्टमध्ये असणार काय, अशा समजुतीने मीही पाठपुरावा केला नाही; तेवढी चूक माझी.

सोळा महिन्यांनी एका दुपारी बायको डबा घेऊन आली आणि मशीनखाली पाहून ओरडली. पायाखालच्या चिंध्यांवर रक्ताचे डाग होते. उजव्या टाचेत टाचणी रुतली होती, जवळजवळ डोक्यापर्यंत. सकाळपासून मी त्याच पायाने मशीनची पायटी मारत होतो, आणि मला काहीही कळले नव्हते. डॉक्टरांनी तपासणी सांगितली. उपाशीपोटीची साखर २१२ निघाली, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ९.४. पायाच्या नसा बधिर झालेल्या. हा मधुमेह आजचा नाही, चार-पाच वर्षांचा तरी असावा, असे ते म्हणाले. मग त्यांनी खणातून टेप काढून माझे पोट मोजले : ९४ सेंटिमीटर, म्हणजे सदतीस इंच. तीस वर्षे जगाची मापे घेणाऱ्या माणसाला स्वतःचे माप दुसऱ्याकडून कळले. माझ्या पँटचा नंबर तेव्हाही बत्तीसच होता.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार इथूनच सुरू होते.

तुमच्या अर्जात कमरेच्या घेराचा रकाना नाही असे नाही. तो आहे. पण त्यापुढे कंसात 'माहीत असल्यास' असे छापले आहे, आणि पथकाकडे टेप नव्हता. स्वयंसेवकाने मला विचारले, 'काका, कंबर किती?' मी 'बत्तीस' म्हणालो, त्याने ३२ लिहिले. माझ्यासारख्या शेकडो पुरुषांनी त्या रकान्यात पँटचा नंबर सांगितला असणार. आता पँटचा नंबर म्हणजे काय, हे मी शिंपी म्हणून सांगतो. पोट सुटू लागले की पुरुष पँट वर नेत नाही, खाली सरकवतो. पट्टा पोटाच्या खाली जातो, तिथे हाड असते, आणि हाडाचा घेर वाढत नाही. वर पोट सदतीस होवो की चाळीस, खाली बत्तिसाची पँट बसते, आणि 'कॉलेजपासून माझा नंबर बदलला नाही' असे गृहस्थ अभिमानाने सांगत राहतात. अशा नंबरावर तुम्ही रोगाच्या धोक्याचा हिशेब मांडणार असाल, तर तो हिशेब कागदावर कितीही देखणा दिसला तरी मुळात चुकलेला असेल.

बायकांची गोष्ट याहून अवघड. ब्लाउजला छाती, दंड, मुंढा, उंची लागते. कंबर लागत नाही. परकराला नाडी असते आणि नाडीला नंबर नसतो. वर्षावर्षाला नाडीची गाठ दोन बोटे पुढे सरकते, एवढीच काय ती नोंद. साठीच्या आसपासच्या कितीतरी बायकांची कंबर आयुष्यात कुणीही मोजलेली नाही. त्यांना तुमच्या पथकातल्या मुलाने चार माणसांसमोर 'मावशी, कंबर किती?' असे विचारले. त्या हसल्या आणि 'लिही तीस' म्हणाल्या. माझ्या बायकोच्या अर्जावर तीस लिहिले आहे. ती खरी किती आहे ते घरात मोजून पाहिले आहे, इथे लिहिणार नाही.

कंबर मोजण्याला एवढे महत्त्व का, हे मी तुम्हाला सांगावे ही उलटी गंगा आहे, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत, म्हणून लिहितो. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची पट्टी एकोणिसाव्या शतकातल्या केटले नावाच्या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाची. तो डॉक्टर नव्हता. मोठ्या जनसमूहाची सरासरी कशी असते हे त्याला शोधायचे होते. तिला बीएमआय हे नाव १९७२ साली अमेरिकेच्या अँसेल कीज यांच्या लेखाने मिळाले. ही पट्टी वजन सांगते, ते वजन कशाचे आहे हे सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे उदाहरण तुमच्यापैकी प्रत्येकाने विद्यार्थिदशेत वाचलेले असणार. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांचा फोटो घालून हे २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी २५ ऐवजी २३ पासूनच सावध व्हावे असे सुचवले. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी तोच २३ चा आकडा आपल्याकडे घेतला आणि कमरेची धोक्याची रेषा पुरुषांसाठी ९० व बायकांसाठी ८० सेंटिमीटर मानली. आमच्या भाषेत, पुरुषांना साडेपस्तीस इंच आणि बायकांना साडेएकतीस. म्हणजे माझ्या चिठ्ठीवर 'नॉर्मल' हा शिक्का बसला, तेव्हा तो एकट्याने पुरत नाही ही गोष्ट जुनी झाली होती, आणि ती आपल्या शेजारच्या पुण्यात सिद्ध झाली होती.

देशभरच्या आकड्यांतही हेच दिसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' अभ्यासात २००८ ते २०२० या काळात एक लाख तेरा हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत बीएमआयने मोजलेला लठ्ठपणा २८.६ टक्के आणि कमरेने मोजलेला ३९.५ टक्के आहे. जवळजवळ अकरा टक्क्यांचा फरक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कंबर आणि नितंबांचे गुणोत्तर प्रथमच मोजले गेले. वजनाच्या पट्टीने २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष स्थूल ठरले. त्या गुणोत्तराने धोक्याच्या बाजूला ५७ टक्के स्त्रिया आणि ४८ टक्के पुरुष गेले. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत जी माणसे आहेत, त्यांना तुमचा अर्ज 'नॉर्मल' म्हणून घरी पाठवतो. त्यांच्यातलाच मी एक.

माझ्या दुकानात मापवह्यांचा गठ्ठा आहे. आजारपणानंतर पायाला विश्रांती सांगितली होती, त्या दिवसांत मी त्या चाळल्या. काही गिऱ्हाइके लग्नाची पँट माझ्याकडून शिवून घेऊन आज निवृत्तीच्या सत्काराची शिवायला येतात. त्यांची तिशीतली आणि पंचावन्नाव्या वर्षाची मापे मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. कंबर चार-चार, पाच-पाच इंचांनी पुढे गेलेली, आणि मांडीचे माप होते तिथेच, काहींचे तर अर्ध्या-पाऊण इंचाने कमी. पोट भरते आहे आणि मांडी सुकते आहे. हे संशोधन नव्हे, हे मी जाणतो. तरुण मुले रेडीमेड घेतात, माझ्याकडे येणारे तेवढेच माझ्या वहीत. तेव्हा माझ्या वहीवरून साऱ्या नाशिकविषयी काही बोलण्याची हिंमत मी करणार नाही. पण हाच संकोच तुम्हीही बाळगायला हवा होता. माझी दुसरी तक्रार त्याबद्दल आहे.

सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींच्या आधाराने वाढलेल्या वस्तीत तुम्ही सकाळी दहा ते एक या वेळेत येता. पहिल्या पाळीचा माणूस तेव्हा कारखान्यात असतो. रात्रपाळीचा नुकताच झोपलेला असतो, आणि जागा असलाच तरी पहाटे पाचला कॅन्टीनचा गोड चहा घेऊन आलेला असतो, म्हणजे त्याचे 'उपाशीपोटी' रक्त उपाशीपोटी नसते. कंत्राटावर काम करणाऱ्या बायका सकाळी आठलाच रिक्षातून गेलेल्या असतात. मग समाजमंदिरात उरतो कोण? निवृत्त माणसे, घरी असणाऱ्या बायका, आणि माझ्यासारखे स्वतःच्या दुकानाला तासभर कुलूप लावू शकणारे. बंद दाराला दुसऱ्यांदा हात लागला नाही. पुढच्या दारी जाऊन संख्या भरली गेली. पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून आलेली आणि नाक्यावर उभी राहून मजुरी मिळवणारी आदिवासी कुटुंबे आमच्याच वसाहतीच्या मागे पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांची नावे सोसायटीच्या यादीत नाहीत, म्हणून ती तुमच्याही यादीत नाहीत. ती माणसे किडकिडीत दिसतात. नागलीची भाकरी सुटून रेशनचा तांदूळ ताटात आल्याला त्यांना बरीच वर्षे झाली. त्यांचे वजन पाहून त्यांना काही होणार नाही असे धरून चालणे म्हणजे माझ्या बाबतीत झालेली चूक पुन्हा, आणि अधिक गरीब माणसाच्या बाबतीत करणे होय. एवढ्या लोकांना वगळून निघालेल्या आकड्याला तुमच्या सादरीकरणात 'नाशिककरांचे आरोग्य' असे शीर्षक होते. ते नाशिककर कोणते, हे खाली बारीक अक्षरात तरी लिहायचे होते.

तिसरी तक्रार रिपोर्टची. ती लिहिताना हात जड होतो, म्हणून थोडक्यात लिहितो. टाचणीच्या प्रसंगानंतर मी त्या संस्थेत गेलो आणि माझ्या तेव्हाच्या रक्तात साखर किती होती एवढेच विचारले. नमुन्यांवरची नावे काढून टाकलेली असतात, फक्त क्रमांक असतात, त्यामुळे कुणाचे काय ते सांगता येत नाही, असे उत्तर मिळाले. मी खिशातून चिठ्ठी काढली आणि '४१७' म्हणालो. समोरच्या गृहस्थांनी चिठ्ठी पाहिली, संगणकाकडे पाहिले, आणि 'निष्कर्ष प्रसिद्ध झाल्याशिवाय देता येत नाही' असे दुसरे उत्तर दिले. पहिले उत्तर खरे होते की दुसरे, हे मी विचारले नाही. ते गृहस्थ नोकरीवरचे होते, त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता.

ज्या दिवशी माझे रक्त काढले गेले, त्या दिवशी माझा आजार बहुधा त्या बाटलीत होता. कुणीतरी तो मोजला, कुणीतरी तो तक्त्यात भरला, आणि सरासरी काढताना त्याचा उपयोगही करून घेतला. फक्त ज्याचा तो होता त्याला तो कळवला गेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे तुमच्या समित्यांच्या टेबलावर असतात. सहभागी माणसाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी, आणि संशोधनाचा लाभ त्याच्यापर्यंत पोहोचावा, हे त्यांत आहे. आमची संमती चार पानी इंग्रजी कागदावर, 'इथे सही करा' एवढ्या मराठीत घेतली गेली.

कळवले असते तर काय फरक पडला असता, असे कुणी विचारील. माझ्यापुरते म्हणाल तर पायाच्या नसा कदाचित वाचल्या असत्या. आणि ज्यांची साखर वाढू लागली आहे पण मधुमेहाची रेषा ओलांडलेली नाही, अशा लोकांसाठी तर फार फरक पडतो. इंडियाबच्या अंदाजाने देशात असे १५.३ टक्के प्रौढ आहेत. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने अशाच ५३१ लोकांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचाच सल्ला होता, त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना आहार आणि चालण्याविषयी सातत्याने मार्गदर्शन मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्क्यांवर आले. विशेष म्हणजे, त्यांच्या वजनात फारसा फरक पडलेला नव्हता. वजनकाट्याकडे टक लावून बसणाऱ्यांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे.

चौथी गोष्ट तक्रारीपेक्षा मनाला लागलेली आहे. पहिल्या टप्प्यानंतर इथल्या सभागृहात तुमचे एक व्याख्यान झाले. पडद्यावर मिसळीचा फोटो आला, तर्रीचा लाल थर, बाजूला पाव, आणि वक्ते म्हणाले की नाशिककरांची जीभच त्यांच्या पोटाला कारण आहे. सभागृह हसले, मीही हसलो. मिसळीची बाजू घेण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. पावाने आणि तेलाने जे व्हायचे ते होतेच. पण अर्जात पाळीविषयी प्रश्न नाही, झोपेविषयी नाही, कारखान्यातल्या दिवसाला सहा गोड चहांविषयी नाही, आणि जन्माच्या वेळच्या वजनाविषयी तर नाहीच; मग दोष जिभेवर ढकलणे सोपे जाते.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालू आहे. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळे स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी बरीच लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. हडकुळे दिसणारे बाळ आतून चरबीचे. आईच्या पोषणाचा, त्यात बी-१२ या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा, मुलांच्या शरीरात पुढे इन्सुलिन (रक्तातली साखर आवरणारे संप्रेरक) नीट काम करते की नाही याच्याशी संबंध असल्याचे याच अभ्यासातून दिसले.

माझा जन्म १९७३ च्या उन्हाळ्यातला, सिन्नर तालुक्यातला. मी पोटात असताना आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि सरकारने वाटलेली सुकडी खात होती. घरात लाल मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी असत, त्यांचा वास तिला शेवटपर्यंत आठवत असे. माझा मधुमेह त्यामुळेच झाला असे मी म्हणणार नाही, एका माणसाविषयी असे कुणालाच म्हणता येणार नाही. पण माझ्या वयाची, सिन्नर-येवला-नांदगाव या दुष्काळी तालुक्यांकडून कामासाठी नाशिकला आलेली किती माणसे या कारखान्यांत आहेत याचा विचार केला, तर तुमच्या अर्जात 'जन्मवर्ष' आणि 'मूळ गाव' हे दोन रकाने एकत्र वाचायला कुणाची हरकत होती? आळस आणि जीभ यांच्या आधीही काही असते.

आता मागण्या. त्या अवघड नाहीत, खर्चिकही नाहीत.

दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक सहभागी व्यक्तीची कंबर टेपने मोजली जावी, विचारून लिहिली जाऊ नये. आणि बायकांचे माप बाईनेच, पडद्याआड घ्यावे. टेप कापडी नसावा, तो वापराने ताणला जातो. माझ्याकडचा जुना टेप दोन वर्षांत पाव इंचाने लांब झाला होता. 'नॉर्मल' हा शिक्का बंद करावा आणि त्याऐवजी माप, धोक्याची रेषा आणि पुढे काय करावे हे मराठीत लिहावे. तीस वर्षांपुढच्या लोकांची तपासणी करणाऱ्या आमच्या आशाताईंच्या सरकारी तक्त्यात कमरेला गुण आहेत, बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटरपासून पुढे. आशाताईंच्या कागदात जे आहे, ते पदव्युत्तर संशोधनाच्या कागदात नसावे, हे मला समजत नाही.

पथकाने एक दिवस पहाटे सहाला, एक दिवस संध्याकाळी पाचनंतर आणि एक रविवार यावे. बंद दाराला किमान तीनदा जावे. भाडेकरू आणि पत्र्याच्या खोल्या यादीत घ्याव्यात. कोण वगळले गेले, ते निष्कर्षासोबत जाहीर करावे. ज्या मातांकडे बाळाचे कार्ड आहे, त्यांच्याकडून जन्मवजन नोंदवून घ्यावे.

रक्ताचा रिपोर्ट पंधरा दिवसांत, निष्कर्ष छापून येण्याची वाट न पाहता, ज्याचा त्याला द्यावा. साखर फार वाढलेली दिसली तर त्याच दिवशी फोन करावा आणि जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात कोणत्या वारी जायचे ते सांगावे. पहिल्या टप्प्यातल्या सर्वांचे रिपोर्ट, उशिरा का होईना, द्यावेत. आमच्यात असे कितीतरी असतील ज्यांच्या पायात अजून टाचणी रुतायची आहे.

संमतीपत्र मराठीत, एका पानाचे असावे आणि ते वाचून दाखवावे. नैतिकता समित्यांना माझी विनंती एवढीच, की दुसऱ्या टप्प्याला मंजुरी देण्यापूर्वी पहिल्या टप्प्यातल्या कोणत्याही दहा सहभागींना बोलावून 'तुमचा रिपोर्ट मिळाला का' हा एक प्रश्न विचारावा. १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय ज्या शहरात आहे, त्या शहरात एवढी अपेक्षा जास्त म्हणता येणार नाही.

संशोधनाला माझा विरोध नाही. या मागण्या मान्य झाल्या तर सर्वांत आधी रांगेत मी उभा राहीन. न झाल्यास अर्ज भरणार नाही, आणि मला विचारणाऱ्यांनाही कारण सांगेन.

शेवटी एक देऊ करतो. माप घेणे दिसते तितके सोपे नाही. टेप हातात दिसला की पुरुष पोट आत ओढतो, श्वास धरतो आणि दोन इंच लपवतो. शिंप्याला हे ठाऊक असते. मी टेप लावून ठेवतो आणि विचारतो, 'धाकटा कितवीला आहे हो?' तो उत्तर देतो, बोलताना श्वास सुटतो, पोट जागेवर येते, तेव्हा आकडा वाचतो. शेवटची फासळी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मधोमध, टेप आडवा, कातडीत न रुतणारा, श्वास सोडलेला, दोनदा. तुमच्या स्वयंसेवकांना हे एका दुपारी शिकवायला मी तयार आहे; त्याचे पैसे घेणार नाही. दुकान सोमवारी बंद असते, तो दिवस सोयीचा.

आपला,
क्रमांक ४१७
सातपूर, नाशिक